जुना लॅपटॉप, जुन्या फाइली
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. दोहा येथील आमच्या घरातला जुना लॅपटॉप नव्या आवृत्तीच्या अटींत बसेना. म्हणून एका शुक्रवारी आम्ही लिनक्स मिंट स्वीकारले. प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज व छपाई तपासली, फाइलींची प्रत काढली आणि मगच जुनी प्रणाली पुसली. परवान्यासाठी एक रियालही लागला नाही. आता मुलांचा गृहपाठ, घरचा हिशेब आणि इनस्क्रिप्ट कळफलकावरील मराठी लेखन त्यावरच चालते.

अडचण आली ती निराळीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणांच्या जुन्या फाइली उघडल्या, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे! युनिकोडपूर्व फॉन्टमधील ते शब्द त्या फॉन्टवाचून मुके झाले होते. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, ओळ न् ओळ तपासून आम्ही ते पुन्हा वाचनीय केले.

वाचकहो, यंत्रे बदलतील, प्रणालीही बदलतील. आपली भाषणे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आजच युनिकोडमध्ये आणून ठेवा. आपल्या पुढच्या पिढीला त्या वाचण्यासाठी कोणत्याही एका यंत्राची परवानगी लागू नये.

जय भीम.