सत्तेची पत

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सगळ्या ठेवीदारांना एकाच दिवशी पैसे परत देता येतील एवढी रोकड कोणत्याच बँकेच्या तिजोरीत नसते. 'उद्या मागितले तरी मिळतील' या भरवशावर बँक चालते. तो उडाला, की कालपर्यंत भक्कम दिसणारी पेढी दुपारपर्यंत दार लावते. सत्तेचेही असेच असते.

रुमानियात निकोलाय चाउशेस्कू १९६५ पासून सत्तेवर होते. नोव्हेंबर १९८९च्या पक्ष-अधिवेशनाने त्यांनाच पुन्हा सरचिटणीस केले. डिसेंबरात तिमिश्वारा शहरात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २१ तारखेला बुखारेस्टमध्ये सरकारी सभा भरली. टाळ्या वाजवायला माणसे हुकमाने आणलेली. भाषण चालू असताना गर्दीतून आरडाओरडा उठला आणि हुकूमशहाचा बावरलेला चेहरा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. घाईघाईने त्यांनी पगारवाढ जाहीर केली. दारात झुंबड उडाल्यावर जादा व्याज देऊ करण्यासारखेच ते! दुसऱ्या दिवशी लष्कर फिरले, गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळावे लागले आणि २५ तारखेला पतिपत्नींना गोळ्या घालण्यात आल्या.

बंदुका कालच्याच होत्या, सैनिकही तेच. 'बाकीचे सगळे मुकाट आहेत' हा प्रत्येकाच्या मनातला समज तेवढा फुटला होता.

कधी जामीनदारच हात वर करतात. सीरियात असद घराण्याची अर्धशतकाहून अधिक काळ चाललेली सत्ता २७ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०२४ एवढ्या दिवसांत कोसळली, कारण रशिया आणि इराण आपापल्या लढायांत गुंतले होते.

असा दिवस कधी उजाडेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण दिवाळे निघाल्यावर तिजोरीच्या चाव्या कुणाच्या हाती जातात, हे जरूर पाहावे. रुमानियात चौकात ओरडणाऱ्या पोरांच्या हाती त्या आल्या नाहीत. जुन्याच पक्षातले इयॉन इलिएस्कू मे १९९०मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. यंत्रणा ज्याला माहीत, तोच गोंधळात सर्वांआधी गल्ल्यापाशी पोचतो. आणि त्या उलथापालथीत हजाराहून अधिक माणसे प्राणाला मुकली होती.

मार्च १९७७मध्ये इंदिरा गांधी हरल्या आणि राजीनामा देऊन पायउतार झाल्या. तीही सत्तेची पत बुडण्याचीच गोष्ट. पण आपल्याकडे हिशेब मतपेटीत झाला. मतदान केंद्रावरची ती कंटाळवाणी रांग मला म्हणूनच मोलाची वाटते. ती मोडली, की दुसरी रांग लागते आणि तिच्यात माणसे मरतात.