दुसऱ्याचा संप आणि आपला पगार

'कंपनीच बुडाली तर संप कोणाविरुद्ध करणार?' हा मालकांचा जुना युक्तिवाद कामगारांच्याच तोंडून ऐकू येऊ लागला, की संघटनेची खरी परीक्षा सुरू होते. अमेरिकेतील नॉर्थवेस्ट या डबघाईस आलेल्या विमान कंपनीत २० ऑगस्ट २००५ रोजी सुमारे ४,४०० मेकॅनिक व सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा हेच घडले. वर्षाला १७ कोटी ६० लाख डॉलरची बचत आणि जवळजवळ निम्म्या नोकऱ्यांवर पाणी, अशी कंपनीची मागणी होती. वैमानिक, केबिन कर्मचारी आणि सामान चढविणारे कामगार मात्र कामावर राहिले. बदली कामगारांच्या बळावर विमाने उडत राहिली.

कामावर राहिलेल्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. मेकॅनिकांची ही संघटना जुन्या, मोठ्या संघटनेला बाजूला सारून पुढे आली होती आणि ती सल कायम होती. शिवाय ईस्टर्न एअरलाइन्सचा इतिहास समोर होता. मार्च १९८९ मध्ये तेथील मेकॅनिकांना वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांनी साथ दिली. वैमानिक नोव्हेंबरमध्ये परतले, आणि जानेवारी १९९१ मध्ये कंपनीच बंद झाली. एकजुटीने नोकऱ्या हमखास वाचतात, असे आपण कार्यकर्त्यांना सांगू नये. ते खरे नाही.

परंतु साथ नाकारल्याने तरी त्या वाचतात काय? १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टलच्या वैमानिकांनी मेकॅनिकांचा संप डावलून विमाने चालविली. काही आठवड्यांतच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, करार फाडले आणि वैमानिकांचे वेतन निम्म्यावर आणले. मग वैमानिक संपावर गेले, तेव्हा उशीर झाला होता.

यामागील अर्थशास्त्र साधे आहे. अडचणीतील कंपनीला बचत एका गटाकडून नव्हे, एकूण वेतनखर्चातून हवी असते. एका गटावाचून उद्योग चालतो हे एकदा सिद्ध झाले, की उरलेल्या प्रत्येक गटाच्या संपाच्या धमकीची किंमत उतरते. दुसऱ्याचा संप मोडताना कामगार स्वतःचीच सौदाशक्ती स्वस्तात विकतो. (पगार स्वतंत्र करारांनी ठरतात, म्हणून हिशेबही स्वतंत्र, हा भ्रम आपल्याकडील बहुसंघटनी कारखान्यांतही काही कमी नाही.)

म्हणून माझ्या मते साथ द्यावी. पण आंधळेपणाने नव्हे. संपापूर्वीच संयुक्त समिती हवी, कंपनीचे हिशेब सर्वांपुढे यावेत, आणि एकाच्या कपातीचा बोजा दुसऱ्यावर ढकलणार नाही असा लेखी शब्द परस्परांना द्यावा. नॉर्थवेस्टमध्ये यांपैकी काही आधी घडल्याचे दिसत नाही.

१४ सप्टेंबर २००५ रोजी नॉर्थवेस्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. सामान चढविणाऱ्यांना २००६ मध्ये कपात स्वीकारावी लागली. केबिन कर्मचाऱ्यांनी तडजोडीचे मसुदे दोनदा फेटाळल्यावर कंपनीने त्यांच्यावर अटी लादल्या. ते संपाची तयारी करू लागले, तेव्हा न्यायालयाने त्यांना मनाई केली. त्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहू शकले असते ते मेकॅनिक केव्हाच बाहेर फेकले गेले होते.