एकोणिसावे आले, म्हणून विसरले गेले

१/ इटलीत पार्मा शहराजवळ वारानो येथे मोटारशर्यतींचे एक सर्किट आहे. त्याला रिकार्दो पालेत्ती याचे नाव आहे. पालेत्ती फॉर्म्युला वनच्या अवघ्या दोन शर्यतींत उतरला आणि दोन्ही अपूर्ण राहिल्या. १३ जून १९८२ रोजी माँट्रियल येथे शर्यत सुटताच, जागीच थांबलेल्या दिदिए पिरोनीच्या फेरारीवर त्याची मोटार आदळून तो मृत्युमुखी पडला. चोविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. विजय नाही, एक गुणही नाही. तरी त्याच्या देशाने नाव जपले.

२/ आता आपल्याकडे पाहा. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

३/ १९१९ च्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी तेथील स्पर्धांत शेतकरी घरांतले तरुण धावताना पाहिले. पाय अनवाणी, प्रशिक्षण शून्य, वेग मात्र अचंबित करणारा. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य घेतले, पदरचे पैसे घातले आणि ऑलिंपिकचे दार उघडले.

४/ १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड एकटेच खेळले होते. भारताचा पहिला संघ गेला तो १९२० मध्ये अँटवर्पला. खेळाडू सहा: चौगुले, दातार, बॅनर्जी, कैकिणी हे धावपटू, नवले आणि शिंदे हे मल्ल.

५/ २२ ऑगस्ट १९२०. मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वाधिक. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले, क्रमांक एकोणिसावा. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले.

६/ यावर ठरलेला आक्षेप असा, की पदक नाही तर स्मरण कशाचे? हा आक्षेप लटका आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणले. १९८४ मध्ये ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. म्हणजे पदक असूनही विस्मरण टळले नाही. दोष क्रमांकाचा नाही, जपणूक न करणाऱ्या समाजाचा आहे.

७/ दुसरी खोड याहून वाईट. कधी आठवण झालीच, तर ‘अनवाणी वीर’ म्हणून आरती ओवाळायची. बूट नसणे हा पराक्रम नव्हे, तो अभाव होता. चौगुल्यांना अजिंक्य ठरवण्याचीही गरज नाही. विजेत्याहून ते सुमारे अठरा मिनिटे मागे होते, हे स्वच्छ सांगावे. आणि भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ मध्ये स्थापन होण्याच्या सात वर्षे आधी ते धावले, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगावे.

८/ इतिहास म्हणजे निकालपत्रक नव्हे. वाट कोणी पाडली, हे विचारणे त्याचे पहिले काम.

९/ आज मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतील बहुतेकांना पदक मिळणार नाही. धावणाऱ्यांच्या या परंपरेत आपणही आहोत, हे त्यांना कोण सांगणार? एखाद्या तालुका शर्यतीला चौगुल्यांचे नाव देण्यास कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. इटलीला दोन अपूर्ण शर्यती पुरल्या. आपल्याला पूर्ण झालेली एक मॅरेथॉन पुरू नये?