पित्त झालंय बहुतेक!

बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागच्या आठवड्यात घरात एक छोटंसं महाभारत घडलं, त्यावरून जे विचार सुरू झाले ते इथे उतरवून ठेवावेत म्हटलं. नातेवाईक मंडळीही हे पान वाचतात, तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी रागावू नये ही आधीच विनंती!

झालं असं, की रात्री साडेनवाच्या सुमाराला धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, ह्यांना संध्याकाळपासून पित्त झालंय. आमसुलाचं सरबत दिलं, पण बरं वाटत नाहीये. तुम्ही ते कसलं चूर्ण द्यायचात ना, त्याचं नाव सांगा."

मी चूर्णाचं नाव सांगितलंच नाही. उलट विचारत सुटले, "नक्की कुठे होतंय? कसं होतंय? घाम आलाय का? दम लागतोय का? हात, जबडा, पाठ काही भरून आलंय का?" जाऊबाई गोंधळल्या. "अहो ताई, पित्तच आहे, नेहमीचं." मी काही ऐकेना. शेवटी दहा वाजता भाऊजींना दवाखान्यात न्यायला लावलं. ई.सी.जी. काढला, तासाभराने पुन्हा काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. पित्तच होतं!

तेव्हापासून जाऊबाई माझ्यावर घुश्शात आहेत. "ताईंनी उगाच सगळ्या घराला घाबरवलं" असं त्यांचं म्हणणं. माझं चुकलं का? माझ्या मते, नाही. का नाही, ते सांगायलाच हा सगळा प्रपंच.

मी तशी मराठीची बी.ए. पण आमच्या शाळेत शिक्षक कमी, म्हणून पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञानही बरीच वर्षं माझ्याकडे असायचं. मानवी शरीराचे धडे मला फार आवडत. हृदयाची आकृती तर मी डोळे मिटून काढली असती. तांबड्या खडूने शुद्ध रक्त, निळ्या खडूने अशुद्ध. (रक्त खरं तर कधीच निळं नसतं, हे मी मुलांना आवर्जून सांगायची.) हृदय आपल्या मुठीएवढं, दिवसाला सुमारे एक लाख ठोके, मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त. चार कप्प्यांची नावं काही पुस्तकांत कर्णिका-जवनिका, काहींत अलिंद-निलय. मुलं दोन्ही पाठ करायची आणि पेपरात बरोबर लिहायची. मी पैकीच्या पैकी मार्क द्यायची.

आता २०१८ सालच्या डिसेंबरातली एक रात्र सांगते. आम्ही एका लग्नाहून आलो होतो. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, सगळं यथेच्छ झालेलं. साडेअकराला हे उठून बसले आणि म्हणाले, "छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय गं."

मी म्हटलं, "पित्त झालंय बहुतेक. त्या जिलब्या कोणी खायला सांगितल्या होत्या?"

थंड दूध दिलं. मग ओवा. मग सोडा. डिसेंबरातल्या साताऱ्याच्या थंडीत ह्यांच्या कपाळावर घाम होता, तो मी नॅपकिनने पुसला आणि पंखा लावला. थोड्या वेळाने डावा जबडा दुखतोय म्हणाले. ती दाढ किडलीच होती, तेव्हा तेही दाढेच्या खात्यावर टाकलं. पहाटे पाचला उलटी झाली, तेव्हा मला हायसं वाटलं, की चला, पित्त पडून गेलं! पण माणूस पांढराफटक पडलेला. शेजाऱ्यांच्या मुलाने गाडी काढली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "रात्रीपासून पित्त झालंय." त्यांनी ह्यांना विचारलं. हेही म्हणाले, "पित्त झालंय." त्यावर ते डॉक्टर मला जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "काकू, पित्त हे तुम्ही ठरवलंत. त्यांना काय होत होतं ते सांगा."

आणि मला तो पाटा आठवला.

हृदयविकाराचा मोठा झटका होता. हृदयाला रक्त पुरवणारी एक रोहिणी पूर्ण बंद झालेली. अँजिओप्लास्टी झाली, हे वाचले, देवाची आणि डॉक्टरांची कृपा. पण रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू तासागणिक मरत जातो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. साडेअकरा ते पहाटे पाच. साडेपाच तास मी दूध, ओवा आणि सोडा देत बसले होते. हृदयाचे कप्पे तोंडपाठ असलेली बाई!

मंडळी, ह्यांनी वर्णन अगदी अचूक केलं होतं. छातीवर पाटा. मी त्याच्यावर 'पित्त' अशी चिठ्ठी चिकटवली. एकदा चिठ्ठी चिकटली की घाम, जबडा, उलटी सगळं तिच्याखाली गेलं. सकाळपर्यंत तर ह्यांना स्वतःलाही आपले शब्द आठवेनात, माझाच शब्द ते बोलू लागले. आपण घरी आजाराला पटकन नाव देऊन मोकळे होतो, ही सवय मोडायला हवी. त्रासाचं वर्णन जपून ठेवायचं, नाव डॉक्टर देतील. एवढंच माझं आजचं म्हणणं आहे.

पुढे त्या डॉक्टरांनीच समजावून सांगितलं, की हृदयाचं दुखणं छातीतच कळेल असं नाही. हृदय टेकलेलं असतं श्वासपटलावर, आणि श्वासपटलाच्या लगेच खाली जठर. शिवाय हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आणि हात, छाती, जबडा इथून येणाऱ्या संवेदना मज्जासंस्थेत वाटेत एकमेकींत मिसळतात. त्यामुळे मेंदूची पत्ता वाचण्यात गफलत होते. कोणाला हात भरून आल्यासारखं वाटतं, कोणाला जबडा दुखतो, कोणाला पोटाच्या वरच्या भागात गच्च वाटतं. बायकांना, म्हाताऱ्यांना आणि मधुमेह असलेल्यांना तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं. ह्यांना मधुमेह वीस वर्षांचा.

आता हा 'पित्त' शब्दच बघा. पुस्तकातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस, तो लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतो. पण घरात आपण पित्त कशाकशाला म्हणतो? घशाशी आंबट आलं, पित्त. ते असतं जठरातलं आम्ल. अर्धं डोकं दुखलं, पित्त. ती असते बहुतेक वेळा अर्धशिशी. अंगावर गांधी उठल्या, पित्त. ती असते ॲलर्जी. घाटात बस लागून उलटी झाली, पित्त पडलं. आणि आमच्या घरी हृदयविकाराचा झटका, तोही पित्त! आयुर्वेदातला पित्तदोष ही वेगळी कल्पना आहे, तिला तिच्या शास्त्राची चौकट आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतेय स्वयंपाकघरातल्या पित्ताबद्दल. ज्या शब्दात पाच-पाच दुखणी बसतात तो शब्द डॉक्टरांना काहीच सांगत नाही.

इंग्रजीत तरी काय वेगळं आहे म्हणा! तिथे आम्लपित्ताच्या जळजळीला हार्टबर्न म्हणतात, आणि हार्टचा त्यात काही संबंध नसतो. कारण तेच. अन्ननलिका हृदयाच्या मागूनच खाली जाते, तिची आग छातीतच जाणवते.

मग काय, मराठी शब्द अपुरे आहेत? अजिबात नाही. जरा आठवून बघा. डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, दाताला कळ लागते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, पायात गोळा येतो, हाताला मुंग्या येतात, डोळ्यात खुपतं, जखम चुरचुरते, छातीवर दडपण येतं, अंगात कसर वाटते. इतके बारीक फरक आपल्या आज्या सहज बोलत होत्या. मुरडा म्हटलं की आतडं डोळ्यांसमोर येतं, दडपण म्हटलं की डॉक्टर सावध होतात. हे सोनं घरात असताना आपण 'पित्त', 'गॅस' आणि 'वीकनेस' ह्या तीन शब्दांवर संसार चालवतोय!

जागेच्या शब्दांचीही तीच गत. माझी नात पुण्याला इंग्रजी माध्यमात आहे. लिव्हर, किडनी, पॅनक्रिआज सगळं तिला येतं, पण पोटरी कुठली आणि नडगी कुठली ते माहीत नव्हतं. काही दुखलं की 'टमी'. पण तिला काय हसायचं? आपलं 'पोट' तरी कुठे वेगळं आहे? बरगड्यांपासून जांघेपर्यंत सगळं पोटच.

शाळेत मोठ्या मुली "बाई, पोटात दुखतंय" म्हणून यायच्या. मी ओवा द्यायची. त्यांचं दुखत असायचं ओटीपोट, आणि कारण त्यांनाही माहीत, मलाही माहीत, पण ना त्या बोलायच्या, ना मी. प्रजननसंस्थेचा धडा मी स्वतः "घरी वाचून या" म्हणून उरकलेला आहे. आज ते कबूल करायला लाज वाटते. त्या मुली आता पन्नाशीच्या झाल्या असतील, आणि डॉक्टरांकडे जाऊन अजूनही "अंगावरून जातंय" एवढंच सांगत असतील. पांढरं की रक्त, किती, केव्हापासून, ते विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. माझ्या वयाच्या बायकांनो, पाळी कायमची बंद झाल्यानंतर थोडंसंही रक्त दिसलं तर ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. इथे आडपडदा ठेवून चालत नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक पित्ताला असं दवाखान्यात पळायचं का? नाही. नेहमीसारखी जळजळ, जेवणानंतर, आंबट ढेकर येऊन बरं वाटणारी, ती आपल्याला ओळखता येते. पण आधी ओळख पटवा, मग नाव ठेवा. आमच्या घरी आता नियम आहे. कोणी काही दुखतंय म्हटलं की तीन प्रश्न. कुठे? बोट ठेवून दाखव. कसं? तुझ्या शब्दांत सांग. केव्हापासून? घड्याळ बघून सांग. उत्तरं कागदावर लिहायची, माणसाच्या तोंडच्या शब्दांतच. आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, घाम, दम, जबडा किंवा हात भरून येणं ह्यातलं काही असेल, तर ओवा नाही, चूर्ण नाही, तडक १०८ ला फोन.

ह्यांच्या हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची शक्ती त्या झटक्यानंतर ३५ टक्क्यांवर आली. सुदृढ माणसात हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. रिपोर्ट बघून हे म्हणाले, "पस्तीस ना? म्हणजे पास आहे, बाई!" आम्ही दोघं हसलो. पण दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर विकून तळमजल्यावर यावं लागलं, आणि भाजी आणायला हे आता एकटे जात नाहीत. तेव्हा जाऊबाईंना माझं सांगणं एवढंच, की तुमची एक रात्र मी वाया घालवली, ती माझ्याकडे उधार राहू द्या. भाऊजींचं पित्तच निघालं ह्याचा सर्वांत जास्त आनंद मला झालाय.

रविवारी या दोघेही. मसालेभात करते. जिलेबी मात्र मिळणार नाही!