बी.ए.च्या उत्तरपत्रिकेत मराठीला मज्जाव का?

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर माझ्या कार्यालयात आली. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यातले हे शेतकरी कुटुंब. मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, गुणही चांगले. पुढे तिने बी.ए.ला राज्यशास्त्र व समाजशास्त्र हे विषय घेतले आणि त्यांतील एका विषयात ती अनुत्तीर्ण झाली. कारण विचारताच तिने खाली मान घालून सांगितले, की वेळ संपत आला, पाठ केलेले इंग्रजी शब्द आठवेनात, म्हणून शेवटची दोन उत्तरे तिने मराठीत लिहिली. ती तपासलीच गेली नाहीत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स प्रत तिच्याजवळ होती. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, उत्तर चुकलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण वाचलंच नाही, याला काही दाद आहे का?"

ती उत्तरपत्रिका मी शांतपणे वाचली. आधीची इंग्रजी उत्तरे गाइडमधली होती. वाक्ये अर्धवट, काही ठिकाणी एकाच परिच्छेदाची पुनरावृत्ती. सत्ताविभाजनावरचे उत्तर लिहिणाऱ्या मुलीला त्या शब्दाचा अर्थ उमगला आहे, असे कोणताही परीक्षक म्हणाला नसता. नंतरची दोन मराठी उत्तरे मात्र जणू दुसऱ्याच व्यक्तीची वाटावीत! ग्रामसभेवरच्या उत्तरात तिने लिहिले होते, की सभेची नोटीस कन्नडमध्ये लागते म्हणून गावातल्या अनेकांना ती कळत नाही. बायका सभेला येत नाहीत, त्यांच्या सह्या मागाहून घरी फिरून घेतल्या जातात. त्यामुळे घरकुलाच्या लाभार्थींची निवड कागदावर ग्रामसभेची असली, तरी प्रत्यक्षात चौघांची असते. कायद्यातील तरतूद आणि गावातील व्यवहार यांतले अंतर तिने स्वतः पाहून मांडले होते. राज्यशास्त्र म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

त्या दिवशी मला तिच्या वडिलांना सांगावे लागले, की परीक्षेच्या भाषांत मराठी नाही, त्यामुळे त्या दोन उत्तरांपुरती दाद मिळणे कठीण आहे. उत्तर कायद्याला धरून होते. पण ते देताना मला लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच हा लेख लिहीत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबर सातवी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचे कर्तव्य त्याने राज्यांवर टाकले. पण त्या अनुच्छेदातील दोन शब्द आपण नेहमी घाईत वाचतो: 'प्राथमिक टप्प्यावर'. घटनेने हात धरला तो चौथी-पाचवीपर्यंत. पुढे माध्यमिक शाळा आपण झगडून टिकवल्या. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात सीमाभागात आंदोलन पेटले आणि माणसे हुतात्मा झाली. माझ्या पिढीच्या शाळकरी वयातील ती जखम आहे. पण त्या काळापासून आजपर्यंत आपली भाषेची लढाई शाळेच्या फाटकाशीच थांबली. महाविद्यालयाच्या वर्गात आपले मूल कोणत्या भाषेत विचार करणार, हा प्रश्न आपण गांभीर्याने विचारलाच नाही.

पदवीच्या भाषेवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक गाजलेला खटला एका मराठी विद्यार्थ्याचाच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर हा तो खटला. निकाल १९६२ चा. अहमदाबादेतील या कुटुंबातील मुलगा शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून उत्तीर्ण झाला होता. कला शाखेच्या पहिल्या वर्षाला तो इंग्रजी तुकडीत शिकला आणि पुढच्या वर्षालाही त्याला इंग्रजी माध्यम हवे होते. विद्यापीठाच्या नियमांनुसार माध्यम गुजराती किंवा हिंदी. प्रवेश नाकारला गेला, वडील न्यायालयात गेले आणि जिंकले. गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार विद्यापीठाला त्याच्या कायद्याने दिलेला नाही, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले.

वकील म्हणून मी हा निकाल अनेकदा वाचला आहे, आणि मराठी माणूस म्हणून प्रत्येक वेळी एका जागी थांबलो आहे. मराठीतून मॅट्रिक झालेल्या मुलापुढे गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असे तीन पर्याय होते. वाद त्या तिहींत झाला. मराठी त्या वादात पक्षकारही नव्हती! राज्यभाषेच्या सक्तीतून मुलगा सुटला, पण त्याची सुटका झाली ती इंग्रजीत. सीमाभागातील आमच्या मुलांचीही हीच स्थिती आहे. कन्नड नको असेल तर इंग्रजी घ्या, असे त्यांना सांगितले जाते. याला निवड म्हणतात, पण ज्या भाषेत मूल विचार करते ती भाषाच या निवडीत नाही.

दुसरा निकाल १९७१ चा, पंजाबमधील डी.ए.व्ही. महाविद्यालयांच्या खटल्यांतला. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने शिक्षण आणि परीक्षा यांसाठी पंजाबी हेच एकमेव माध्यम केले होते. आर्यसमाजी संस्था न्यायालयात गेल्या. आपली भाषा आणि लिपी जपण्याचा व आपल्या पसंतीच्या संस्था चालवण्याचा हक्क अनुच्छेद २९ आणि ३० देतात, आणि अशी सक्ती त्या हक्कावर आघात करते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. या निकालाचा अर्थ नीट समजून घ्या. हक्क मागणारा होता तो अल्पसंख्याकांनी चालवलेल्या महाविद्यालयांचा संच. सीमाभागात मराठी माणसांनी चालवलेल्या शिक्षणसंस्था आहेत, त्यांची महाविद्यालये आहेत, त्यांच्या संचालक मंडळांवर आपलीच माणसे आहेत. मग आमच्या सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा द्या, असा ठराव करून विद्यापीठाकडे पाठवणाऱ्या संस्था किती? एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारे आणि महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात इंग्रजी माध्यमाचा गौरव छापणारे हात अनेकदा एकच असतात. हे कटू आहे, पण आपसांत तरी खरे बोलावे.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप, मराठीत सामाजिक शास्त्रांची पुस्तके कुठे आहेत? हा प्रश्न विचारणाऱ्याला मराठीचा इतिहास ठाऊक नाही. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला; शेतीच्या अर्थकारणाची आणि नोकरशाहीची ती चिकित्साच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ चा. ग्रामीण समाजाचा असा अभ्यास त्या काळी अन्य भारतीय भाषांत क्वचितच सापडेल. कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर प्रबंध लिहिणारे श्रीधर व्यंकटेश केतकर परत आले आणि त्यांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीतच काढले. इरावती कर्वे यांनी मानवशास्त्र दोन्ही भाषांत लिहिले. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, मराठी विश्वकोश आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. तिथे आणि पुण्यात बी.ए.चे विद्यार्थी राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र मराठीत लिहून पदवीधर होतात. बेळगावहून शिनोळीपर्यंत गेले, की तोच अभ्यास, तशीच मुले आणि परीक्षेची भाषा मराठी! मधली सीमारेषा ओलांडली म्हणून शास्त्र बदलत नाही.

ज्यांना हैदराबादचा इतिहास ठाऊक आहे त्यांना आणखी एक दाखला पुरेल. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. पुस्तके नव्हती, म्हणून अनुवादासाठी स्वतंत्र विभाग उभारून ती करवून घेतली. इच्छा असली की भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवले. आणि त्याच संस्थानातील मराठी, तेलुगू व कन्नड मुलांना परक्या माध्यमातून शिकावे लागले, हेही त्याच विद्यापीठाने दाखवले. दोन्ही धडे आपल्या कामाचे आहेत.

दुसरा आक्षेप नोकरीचा. इंग्रजी आली पाहिजे, यात वाद नाही. मीही ती पोटापाण्यासाठी वापरतो. इंग्रजी भाषा म्हणून उत्तम शिकवा, तीन वर्षे सक्तीने शिकवा. पण इंग्रजीतून समाजशास्त्र पाठ करवल्याने इंग्रजीही येत नाही आणि समाजशास्त्रही येत नाही. मी स्वतः बी.ए.ला 'सॉव्हरिन्टी' हा शब्द शेकडो वेळा लिहिला. सार्वभौमत्व म्हणजे काय ते मला पुढे कायद्याच्या पदवीनंतर, एका जुन्या वकिलांच्या हाताखाली मराठीत वाद घालताना कळले. मधली वर्षे कोणी भरून द्यायची? शिवाय केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. जिल्हाधिकारी होण्याची परीक्षा मराठीत चालते, पण आमच्या मुलीला बी.ए.चे ग्रामसभेवरील उत्तर मराठीत लिहिता येत नाही! २०१३ साली आयोगाने अट घातली होती, की ज्या माध्यमातून पदवी घेतली असेल त्याच प्रादेशिक भाषेत मुख्य परीक्षा लिहिता येईल. देशभर विरोध झाला आणि ती मागे घेतली गेली. टिकली असती, तर सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी मराठीचा तो दरवाजाही बंद झाला असता. अशी अट पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार?

तिसरा आक्षेप कन्नड बांधवांचा आहे आणि त्याला मी आदराने उत्तर देतो. ही मागणी कन्नडच्या विरोधात नाही. कन्नड मुलाने कन्नडमध्ये समाजशास्त्र लिहावे, हे मला योग्यच वाटते. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड विद्यार्थ्याला महाराष्ट्रातील विद्यापीठात कन्नडमध्ये उत्तरे लिहायची असतील आणि ती मुभा नाकारली गेली, तर मी त्याचे वकीलपत्र विनामूल्य घेईन. जे तत्त्व सीमेच्या एका बाजूला न्याय्य आहे, ते दुसऱ्या बाजूलाही न्याय्यच असते. २०२१ साली कर्नाटक सरकारने पदवी अभ्यासक्रमात कन्नड विषय सक्तीचा केला होता. ही सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. सक्तीने भाषेचे प्रेम वाढत नाही, हे आता सर्वांनीच ओळखावे.

महाराष्ट्र सरकारलाही या प्रकरणातून मुक्त करता येत नाही. ८६५ गावांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाभागातील मुलांसाठी वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा अभ्यासक्रमांत जागा राखल्या जातात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण घर आणि शेती सोडून बाहेर जाणे ज्यांना शक्य नाही, अशी मुले बी.ए. करतात, त्यात मुलींची संख्या मोठी. राज्य विद्यापीठांना राज्याबाहेर अभ्यासकेंद्रे चालवता येत नाहीत, म्हणून मुक्त विद्यापीठाचा मार्गही बेळगावात येऊन थांबतो. या मुलांसाठी क्रमिक पुस्तके पाठवणे आणि मराठी उत्तरपत्रिका तपासू शकणाऱ्या प्राध्यापकांची यादी देऊ करणे, हे मुंबईच्या हाती आहे. त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांना कळवले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. ही सूचना आहे, आदेश नव्हे. पण मागणीला आधार म्हणून ती भक्कम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी ही स्थानिक भाषा नाही, असे कोणी शपथेवर सांगेल काय?

म्हणून माझी विनंती तीन प्रकारच्या वाचकांना आहे. विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या अर्जाबरोबर मराठीत उत्तरे लिहिण्याच्या परवानगीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणीला तोंडी नकार मिळतो, आणि तोंडी नकाराविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येत नाही. लेखी नकार हाती असेल, तर अनुच्छेद २२६ खाली धारवाड खंडपीठाचा दरवाजा ठोठावता येतो. संस्थाचालकांनो, याच सत्रात ठराव करा. १९७१ चा निकाल तुमच्या बाजूने बोलतो. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा येथील मराठीजनांनो, आपल्या शहरातील विद्यापीठात पदवीची कोणती प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, एवढे चौकशी करून आम्हाला कळवा. सर्व ठिकाणचा तक्ता एकत्र झाला, तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपुढे तो ठेवता येईल.

ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसते आहे. या वेळी तिने अर्ज आधी दिला आहे, माझ्या कार्यालयात बसून, स्वतःच्या अक्षरात. पोचेचा शिक्का असलेली प्रत माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही. पण आता ते लेखी द्यावे लागेल.