एकट्याच्या सहीने विक्री मोडत नाही

वसई-विरार पट्ट्यात जमिनीच्या व्यवहारात वावरणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. खरेदीखत नोंदवून दिले, पुढे पैसे अडकले किंवा भाव चढला, तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन रद्दलेख नोंदवायचा. लिहून घेणाऱ्याची सही नसली तरी काम होते. हा समज कायद्याला धरून नाही. ज्यांच्या भल्यासाठी तो सांगितला जातो, त्यांचेही त्याने नुकसानच होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ पासून सुरुवात करू. विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण. ती किंमत दिलेली असेल, द्यायचे कबूल केलेली असेल किंवा थोडी दिलेली आणि थोडी कबूल केलेली असेल, तरी ती विक्रीच. खतातच वेगळी अट घातलेली नसेल, तर नोंदणीकृत खरेदीखताने मालकी लिहून घेणाऱ्याकडे जाते. मग लिहून देणारा रद्द काय करणार? जे त्याच्याकडे उरलेलेच नाही, ते तो परत घेऊ पाहतो. साठेकराराची गोष्ट वेगळी. तिथे विक्री व्हायची बाकी असते, आणि करारातल्या अटींवर भांडायला जागा असते. आपल्याकडे हे दोन्ही कागद एकाच दमात बोलले जातात. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

समर्थक म्हणतात, पैसेच मिळाले नाहीत तर विक्री कसली? सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी दहिबेन प्रकरणात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. जमीन सुरतेची, खरेदीखत जुलै २००९ मध्ये नोंदलेले, किंमत १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये. विकणाऱ्यांचे म्हणणे होते की हातात फक्त ४० हजार पडले. दावा मात्र त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये लावला. न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळणे योग्य ठरवले. किंमत थकली एवढ्यावर नोंदणीकृत खत रद्द होत नाही, थकबाकी वसूल करण्याचे मार्ग वेगळे आहेत, आणि मुदतही टळून गेली होती. त्या वेगळ्या मार्गांतला एक १८८२ च्या कायद्यातच आहे. कलम ५५(४)(ब) प्रमाणे, पूर्ण किंमत मिळण्याआधी मालकी गेली असेल तर उरलेल्या रकमेचा बोजा त्या जमिनीवर राहतो. म्हणजे पैसे बाकी असतानाही मालकी जाऊ शकते, हे कायद्याने आधीच गृहीत धरले आणि विकणाऱ्याला हत्यारही दिले. ते न वापरता रद्दलेखामागे धावायचे, हे मला पटत नाही.

दुसरा आधार सांगितला जातो तो सत्यपाल आनंद निकालाचा. २०१० मध्ये थोटा गंगालक्ष्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी रद्दलेख शून्यवत ठरवला होता. १९८३ चे खरेदीखत विकणाऱ्याने २००५ मध्ये एकट्याने रद्द केले होते. पुढे २०१६ मध्ये सत्यपाल आनंद प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की तो निकाल आंध्र प्रदेशच्या विशिष्ट नियमावर उभा होता आणि मध्य प्रदेशात तसा नियम नाही. यावरून 'आंध्राबाहेर सगळे खुले' असा अर्थ काढला जातो. पण सत्यपाल प्रकरण भोपाळच्या एका गृहनिर्माण सहकारी संस्थेने सभासदाला दिलेल्या भूखंडाचे होते. अर्जदाराने नंतर तडजोडही केली होती, आणि सहकार कायद्याखाली दाद मागण्याची वाट त्याला मोकळी होती. विकणाऱ्याला एकट्याने मालकी परत घेता येते, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही. नोंदणी अधिकाऱ्याचे काम प्रशासकीय आहे, तो दस्ताच्या वैधतेचा निवाडा करत नाही, एवढे त्यात म्हटले आहे. त्यामुळे रद्दलेखावर शिक्का बसला, म्हणून तो वैध ठरत नाही.

इथे एक प्रामाणिक शंका निघते. निबंधकाने मालकी तपासायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात तमिळनाडूचा नियम रद्द करतानाही ठणकावले. मग त्याने एकतर्फी रद्दलेख नाकारायचा कशाच्या बळावर? माझे उत्तर असे की त्यासाठी मालकी तपासावीच लागत नाही. ज्या दस्ताला रद्द करायचे आहे, त्यातल्या सगळ्या पक्षांच्या सह्या नव्या दस्तावर आहेत की नाहीत, किंवा न्यायालयाचा हुकूमनामा जोडला आहे की नाही, एवढेच पाहायचे. आंध्राच्या नियमाचा गाभा हाच होता. महाराष्ट्राच्या १९६१ च्या नोंदणी नियमांतही इतकीच उघड भाषा असावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप फसवलेल्या विकणाऱ्याचा. वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर अंगठा घेऊन जमिनी गेल्याच्या तक्रारी खोट्या म्हणून झटकता येणार नाहीत. पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची आडकाठी आहे, आणि ती परत मिळवून देणारा १९७४ चा कायदाही आहे. तिथेही चौकशी आणि सुनावणी आहेच. आणि रद्दलेखाची ताकद पाड्यावरच्या माणसाच्या हाती येईल, हा भ्रम आहे. ती कुलमुखत्यारपत्र खिशात घेऊन फिरणाऱ्याच्या हाती येते. पोटाला चिमटा काढून गुंठा-दोन गुंठे घेणारेही गरीबच असतात. त्यांची खते कुणाच्या एका सहीने उडावीत का? आचोळ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. तिथले कारण वेगळे होते, बेकायदा बांधकामाचे. पण जमिनीच्या कागदांतला खोटेपणा शेवटी कुणाच्या डोक्यावर कोसळतो, हे या शहराने पाहिले आहे.

खरा रस्ता विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ चा आहे. फसवणूक, दबाव, खोटी माहिती सिद्ध करा; न्यायालय खत रद्द करील आणि हुकूमनाम्याची प्रत नोंदणी कार्यालयाकडे पाठवील, म्हणजे तिथल्या नोंदीवरही तो शेरा चढेल. ज्याने सहीच केलेली नाही, तोतयाने केली, त्याने खत आपल्यावर बंधनकारक नसल्याची घोषणा मागावी. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली फौजदारी कारवाईही होऊ शकते. रद्दबातलच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, खरी गोष्ट कळल्यापासून. रद्दलेखाच्या भरवशावर ही तीन वर्षे घालवणारा विकणारा आपला खरा दावाही गमावतो. दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे खरे आहे आणि संतापजनक आहे. त्यावर न्यायाधीश वाढवा, अंतरिम मनाईचे अर्ज लवकर ऐका. पण न्यायालय संथ आहे म्हणून एका पक्षालाच न्यायाधीश करता येणार नाही.

तोवर निदान महसूल खात्याने एवढे करावे. एकतर्फी रद्दलेखावरून फेरफार धरायची वेळ आली, तर महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे लिहून घेणाऱ्याला नोटीस खरोखर पोहोचवावी, नुसती चावडीवर चिकटवून मोकळे होऊ नये. त्याची हरकत आली की प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत घ्यावे, आणि मंडळ अधिकाऱ्याने सुनावणीशिवाय सातबाऱ्यावरचे त्याचे नाव काढू नये.