टप कापण्याआधी

थार, गुरखा किंवा जिम्नी घेतलेल्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. गाडीचा टप कापून त्या जागी वर उचलला जाणारा, कापडी भिंतींचा टप बसवून घेऊ का? व्हिडिओत पाहिलेलं असतं: गाडी तळ्याकाठी उभी, दोन कड्या सोडल्या की टप गॅसच्या दांड्यांवर अलगद वर जातो, आत ताठ उभं राहता येतं, वर दोघांच्या झोपण्यापुरती फळी. ओळखीचा बॉडीवाला ‘करून देतो’ म्हणालेला असतो आणि भावही ठरत आलेला असतो.

माझं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे, आजच्या कायद्यात, स्वतःच्या नावावर नोंदलेल्या गाडीचा टप ओळखीच्या गॅरेजात कापून घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो. नुसतं ‘नको’ म्हटलेलं कुणाला पटत नाही, आणि ही हौस काही वाईट नाही.

कल्पना जुनी आहे, चांगलीही आहे. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या ‘डॉर्मोबिल’ गाड्या 1950च्या दशकापासून प्रसिद्ध होत्या. त्यांचा टप एका बाजूला बिजागरीवर उघडायचा, त्याला पट्ट्यापट्ट्यांचं कापड असायचं, आणि पुढे लॅंड रोव्हरवरही तो बसू लागला. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने 1951 पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये मुक्कामाचं सामान बसवायला सुरुवात केली. आज ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या लॅंड क्रूझरच्या 78 मालिकेवर, म्हणजे तिथले लोक जिला ‘ट्रूपी’ म्हणतात त्या लांब गाडीवर, असे टप सर्रास दिसतात. केपटाउनची अलू-कॅब कंपनी असे ॲल्युमिनियमचे टप बनवते. कॅलिफोर्नियातली अर्सा मायनर कंपनी जीप रॅंग्लरसाठी वेगळी युक्ती करते. रॅंग्लरचा कडक टप मुळातच बोल्ट काढून उतरवता येतो, म्हणून पत्र्याला हात न लावता त्या जागी उघडणारा टप ठेवतात.

व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. ऑस्ट्रेलियात टप कापला की काम तिथे संपत नाही. गाड्यांतल्या बदलांसाठी तिथे व्हीएसबी 14 नावाची राष्ट्रीय संहिता आहे. एवढा मोठा बदल म्हटला की मान्यताप्राप्त इंजिनिअर तपासतो, प्रमाणपत्र देतो, मग नोंदणीचं आणि विम्याचं पुढे सरकतं. कापणाऱ्याच्या मागे तपासणारा उभा आहे. आपल्याकडे त्या जागी सध्या तरी फक्त बॉडीवाल्याचा शब्द आहे.

आता पत्र्याकडे येऊ. टपाचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. दीड चौरस मीटर कापून काढला तर हातात येतात जेमतेम नऊ-दहा किलो. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा पत्र्याने काय फरक पडणार! पण त्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात. डाव्या-उजव्या खांबांना त्या बांधून ठेवतात. गाडी कलंडली तर छत आत दबू न देणं हे त्यांचं काम. शिवाय एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना अख्खी बॉडी पिळली जाते, तो पीळ सोसायलाही बंद छत लागतं. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका कोपऱ्यांना धरून पिळून बघा, म्हणजे कळेल. टप कापलेल्या गाडीत हा पीळ दारांच्या फटींत आणि काचेच्या कोपऱ्यांत उतरतो. दार घट्ट लागेनासं होणं, पुढच्या काचेला कोपऱ्यातून तडा जाणं ही त्याची लक्षणं. नीट काम करणारे कापलेल्या कडेभोवती सलग चौकट बसवतात आणि ती खांबांशी जोडतात. नुसती कडेला चौकोनी नळी फिरवून वेल्डिंगचे चार टाके मारणं म्हणजे हे काम नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट एअरबॅगची आहे. जिम्नीत आणि थार रॉक्समध्ये सहा एअरबॅग आहेत. त्यांतल्या पडद्यासारख्या खाली येणाऱ्या दोन एअरबॅग दारांच्या वरच्या पट्टीत, टपाच्या अगदी कडेला घडी घालून बसवलेल्या असतात. तिथे ग्राइंडर चालवणं, ठिणग्या उडवणं, तारा हलवणं हा जिवाशी खेळ आहे. एअरबॅग काम करताना उडाली तर कारागिराचा जीव धोक्यात, आणि नंतर अपघातात उघडलीच नाही तर तुमच्या मुलांचा. ‘एअरबॅग काढून ठेवू, काही बिघडत नाही’ असं सांगणाऱ्या गॅरेजातून त्याच क्षणी गाडी बाहेर काढा.

वजनाचा हिशेब लोक उलटा करतात. किती वजन पेलेल एवढंच विचारतात. वजन किती उंचीवर आहे, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. दोन मीटर बाय सव्वा मीटरची, 18 मिलिमीटर प्लायवुडची झोपायची फळीच सत्तावीस किलोच्या आसपास भरते. त्यावर गादी, चौकट, बिजागऱ्या, कापड, दांड्या, आणि हौसेने लावलेला सोलर पॅनल. दहा किलो काढले आणि त्याच्या कितीतरी पट डोक्यावर चढवले, असं होतं. जिम्नीच्या टपावर चालत्या गाडीत 30 किलोच वाहायची मुभा आहे. नव्या डिफेंडरला, जी किमतीने आणि आकाराने कितीतरी मोठी, ही मर्यादा 168 किलो आहे आणि उभ्या गाडीत 300. चालत्या आणि उभ्या गाडीच्या आकड्यांत एवढं अंतर असतं, म्हणून ‘अहो, वर दोन माणसं झोपतात’ हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. माणसं झोपतात तेव्हा गाडी उभी असते. वरंध घाटाच्या वळणावर ती चालत असते, आणि वरचं वजन तिला बाहेरच्या बाजूला ओढत असतं.

कायद्याचं तर अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आजच्या रूपात आलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पाच हजार भरून मोकळं होऊ, असं कुणी म्हणेल. खरी भीती विम्याची आहे. न कळवलेला बदल सापडला की कंपनी दावा अडवते, आणि अपघातात तिसऱ्याच कुणाचा जीव गेला असेल तर भरपाईचा बोजा शेवटी तुमच्या घरावर येऊ शकतो. बॉडीवाला तेव्हा कोर्टात उभा राहणार नाही. आरसीवर नाव तुमचं आहे.

मग मुक्कामाची गाडी हवी असेल तर मार्गच नाही का? आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-124 नावाचं मानक आहे. त्यानुसार तपासून मंजूर झालेली गाडी कॅरव्हॅन म्हणून रीतसर नोंदवता येते. अशा तपासण्या करणाऱ्या संस्थांमधली एआरएआय तर पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. गाडी बनवून देणाऱ्याकडे पहिला प्रश्न हाच टाका: या मॉडेलचं मंजुरीचं प्रमाणपत्र दाखवा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ‘नाही’ असं समजा. वर्षातून दोनदाच जायचं असेल तर भाड्याची कॅरव्हॅन बघा. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे.

मंजूर गाडी विकत किंवा भाड्याने घेताना टप कसा तपासायचा, हे मात्र नीट शिकून घ्या. शोरूमच्या दिव्यांखाली सगळे टप सुंदर दिसतात. पाण्याचा पाइप मागा. टप बंद ठेवून पुढच्या कडेवर दहा मिनिटं धार धरा, मग उघडून आतल्या कोपऱ्यांतून बोट फिरवा. रबराची पट्टी जिथे वळते तिथेच पाणी आत येतं. मग टप उघडा ठेवून कापडावर पाणी मारा आणि शिवणीजवळ आतून बघा. सुती कॅनव्हास नवा असताना सुईच्या भोकांतून थोडा पाझरतो. एक-दोनदा पूर्ण भिजून वाळला की धागा फुगून भोकं बुजतात, तेव्हा तेवढ्यावर घाबरू नका. पाण्याचा ओघळ आला तर मात्र ती गाडी नको.

कड्या प्रत्येक बाजूला दोन प्रकारच्या हव्यात. एक मुख्य, आणि ती सुटली तरी टप धरून ठेवणारी दुसरी, जशी बॉनेटला असते. टप पुढच्या बाजूने वर उचलला जाणारा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण समोरचा वारा त्याच कडेखाली शिरतो. गॅसच्या दांड्यांचंही एक ऐकून ठेवा. आतला वायू थंडीत आकसतो. दर दहा अंशांमागे जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतो. पुण्याच्या 35 अंशांत सहज उचलला जाणारा टप स्पितीच्या उणे पाचात चौदा टक्के कमी जोराने उचलला जाईल, आणि वर बर्फ असेल तर मध्येच खाली येऊ लागेल. म्हणून उघड्या टपाला अडवणारी लोखंडी टेकणी असलीच पाहिजे. मुलं त्याखाली झोपणार आहेत.

ओलं कापड मिटून ठेवू नका. कोकणात पावसात मुक्काम केला आणि तसाच टप बंद करून घरी आलात, तर त्याच दिवशी अंगणात नाहीतर सोसायटीच्या आवारात उघडून वाळवा. दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. पाऊस नसला तरी ओल असतेच. एका झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या थंडीतही चार बोटं उघड्या ठेवा.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं: आत शेगडी, कोळसा, गॅसची चूल, काही म्हणजे काही पेटवू नका. ऊब यावी म्हणून पाच मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. बॅटरीवर चालणारं त्याचं सूचक यंत्र मिळतं, ते उशाशी लावा. पण यंत्र आहे म्हणून शेगडी पेटवायची परवानगी मिळाली असं समजू नका.

एक विनंती जागेबद्दलही. चारचाकी ताकदीची गाडी आणि डोक्यावर बिछाना असला की वाट सोडून मुक्काम करावासा वाटतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तो मोह कृपा करून टाळा. तिथल्या कातळशिल्पांपैकी अनेक उघड्यावर, कुंपणाशिवाय आहेत. काही 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहेत. तिरप्या उन्हाशिवाय ती डोळ्यांना धड दिसतही नाहीत, मग अंधारात टायरखाली काय आलं ते कसं कळणार? गावात विचारा, एखाद्याच्या आवारात परवानगीने गाडी लावा, चार पैसे द्या. वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायला परवानगी लागते, आणि गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे.

ज्यांच्याकडे गाडी आहे आणि कॅरव्हॅनचं बजेट नाही, त्यांनी जमिनीवरचा चांगला तंबू घ्यावा, असं माझं मत आहे. टपावरचा तंबूही सुचवत नाही. त्याचं वजन बहुधा 50-60 किलोच्या घरात जातं आणि आपल्या लहान गाड्यांच्या मर्यादेत बसत नाही. जमिनीवरच्या तंबूला आरसी लागत नाही, विमा लागत नाही, आणि गाडी विकताना तो तुमच्याकडेच राहतो.

तरीही टपच हवा असेल, तर बॉडीवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी दोन अर्ज करा. एक आपल्या आरटीओला, एक विमा कंपनीला: हा बदल मंजूर आहे का, कुठल्या प्रमाणपत्रावर, आणि आरसीवर कसा नोंदला जाईल. उत्तर लेखी मागा. ते हातात येईपर्यंत गाडीजवळ ग्राइंडर येऊ देऊ नका.